अकरा मिनिटं

ऑक्टोबरात छपाईयंत्र भंगारात गेलं.
ट्रोम्सोहून ट्रक आला, घेऊन गेला.
फरशीवर उरले बोल्टांचे चार खड्डे
आणि तेलाचा एक डाग,
ज्यावर सोलफ्रीड अजूनही पाय देत नाही.

आता आमचं वर्तमानपत्र निघत नाही, वाहतं.
दिवसरात्र.
नॉर्वेच्या या टोकाला डिसेंबरात
दोन्हींत फरक तो काय.

त्या रात्री पाळी माझी.
बंदरावरून फोन: बोट बुडाली, माणूस गेला.
नाव वाऱ्यात अर्धंच ऐकू आलं,
उरलेलं मी भरलं.
दहा चाळीसला लिहिलं: होकून मीरवांग.
दहा एक्कावन्नला त्याच्या बायकोचा फोन.
ती रडत नव्हती.
"तो इथे मासे तळतोय," म्हणाली, "कांदा करपवलाय.
पण त्याची आई तुमचं वाचून खाली बसलीय,
उठत नाहीये."

बोट दुसऱ्याची होती. तीही बुडाली नव्हती,
इंजिन बंद पडून भरकटलेली नुसती.
मी ज्या बोटाने बोट बुडवली
त्याच बोटाने वर काढली.
तीन सेकंद. पाण्यावर तरंगही नाही.

सोलफ्रीड, एकतीस वर्षं मुद्रितं तपासलेली,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाली,
"बातमी पुसलीस.
ती अकरा मिनिटं कशाने पुसशील?"

मग दोन बोटांनी, शोधत शोधत,
पानाच्या माथ्यावर, नटीच्या घटस्फोटाच्याही वर
तिने टंकलं:
काल रात्री १०.४० ते १०.५१
आम्ही होकून मीरवांग यांना बुडवलं होतं.
ते जिवंत आहेत. चूक आमची.
त्यांच्या आईची क्षमा मागतो.

ऑस्लोहून मालकांचा फोन आला: काढा ते, शोभत नाही.
"ऐकू येत नाहीये," ती म्हणाली,
"इथे वारा फार."
खिडक्या बंद होत्या.

तज्ज्ञ येऊन गेलेत आमच्याकडे, आलेख घेऊन.
मथळे आखूड करा, चित्रं हलती ठेवा.
करतो आम्ही. फेरी रद्द झाली की
आता धक्क्यावर कोणी उगाच गारठत नाही,
हे खरंच चांगलं झालं.

पण शुक्रवारी म्हातारी आली,
बुटांवरचा बर्फ दारात झटकून.
फोन पुढे केला:
"हे यातून कधीही जाईल.
मुलगा जिवंत असल्याचं मला छापून द्या."

सोलफ्रीडने कोपऱ्यातलं छोटं प्रिंटर सुरू केलं.
ते खोकलं, अडलं, मग एक कागद बाहेर आला.
कोमट.
तिने तो सवयीने नाकाशी नेला,
शाईचा वास नव्हता,
घडी घालून दिला.

यंत्र गेल्यानंतरचा आमचा एकमेव छापील अंक.
खप: एक.