तर

नववीच्या पेपरात मी प्रश्न घातला:
जर्मनीने भूदलाऐवजी आरमारावर भर दिला असता, तर?
पाच गुण.

चोपड्याच्या या शाळेत समुद्र पाहिलेली मुलं चार,
त्यातली दोन दमणला, मावशीच्या लग्नात.
रेलसिंग बारेलाने लिहिलं, तर खूप पाणी लागले असते.
दोन गुण दिले. मग खोडून तीन.

रात्री मीच उत्तर लिहायला बसलो.
बर्लिनमध्ये कुणीतरी वेगळ्या कागदावर सही केली.
तोफांचं पोलाद गोदीकडे वळलं,
पलटणी निम्म्या झाल्या, घोडे नांगराला परत गेले,
बेल्जियममध्ये त्या ऑगस्टात
बायका बिटाच्या शेतात वाकल्या
आणि त्यांच्या शेतातून कुणी चालत गेलं नाही.
खंदक नाहीत. म्हणून खंदकात पाणी नाही,
त्या पाण्यात कमरेपर्यंत उभा हिलाल नाही,
आमच्या चावडीतल्या दगडावरचं पहिलं नाव.
त्याला परत आणला.
त्याच्याखालचा झिपरू आणला, दौलत आणला,
तिघांना भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर बसवलं.
दगड कोरा.
खरं सांगतो, फार बरं वाटलं.

पण आता इंग्रजालाही बोटींवरच माणसं हवीत.
भरतीचा साहेब तापीवर आला.

तिथे माझा पणजोबा, उखर्डू कोळी.
तर चालवायचा.
या काठाचं त्या काठाला: बैल, नवऱ्या, कापसाची गाठोडी,
एकदा एक मेलेला तलाठी.
डावा पाय लहानपणीच वाळलेला.
खऱ्या इतिहासात डॉक्टरने त्याला दहा पावलं टाकायला लावली
आणि म्हणाला, चालणार नाही.
या दोन शब्दांवर आमचं अख्खं घराणं उभं आहे.

माझ्या इतिहासात साहेब पाय बघतच नाही.
हात बघतो. दंड दाबून बघतो.
कारकून विचारतो, समुद्र देखेल शे का रे?
नही. तापीले पूर येस, तो देखेल शे.
मंग झायं, कारकून म्हणतो, तितलाच ऱ्हास.

अंगठा. भुसावळ. मुंबई.
मग उत्तर समुद्र, बोटीच्या पोटात भट्टीपाशी,
जिथे दिवस आहे की रात्र
वर गेल्याशिवाय कळत नाही,
आणि तो वर गेलाच नाही.
पाण्यात दगड रोवता येत नाही.

इकडे तर काठाला बांधलेली,
दोरावर एक खंड्या.
पलीकडे कुणी सोळा वर्षांची मुलगी डोक्यावर टोपली घेऊन
ओ तरवाल्या, ओ तरवाल्या,
हाका मारून थकते,
आणि पुलावरून जाते, दुसऱ्याच गावाला, दुसऱ्याच घरात.

इथे पेन थांबलं.
ते धरायला कुणी उरलंच नव्हतं.

ताटावरून तिघे उठले.
हिलालने नुसतं माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही.
हात न धुताच चावडीकडे गेले,
झिपरू सगळ्यात मागे, हातात अर्धी भाकरी.

सकाळी रेलसिंगचे चार केले.
एक गुण ठेवून घेतला.
कशाचा, ते त्याने विचारलं नाही.