शेरा

दार उघडताच बाई म्हणतात, आमच्याकडे उंदीर नाहीत.
सगळ्याच म्हणतात.
मी बूट बाहेर काढतो, बॅटरी पेटवतो
आणि ओट्यापाशी उकिडवा बसतो.

एकवीस वर्षं ई वॉर्डात हेच वाचतोय.
मोहरी म्हणावी तर लांबट,
जिरं म्हणावं तर काळं,
दोन्ही टोकं अणकुचीदार, तांदळाच्या कणीएवढं:
हे चिटुकलं, पिठाच्या डब्यामागचं.
त्याहून मोठी, जराशी वाकडी,
तर पाइपावरून चढणारा काळा उंदीर.
खजुराच्या बीएवढी, बोथट,
तर घूस. ती गटारातली, तळमजल्याला विचारा.
आणि टोकाला पांढरा ठिपका असला तर पाल.
तिला राहू द्या, ती तुमच्याच बाजूची आहे.

घोडपदेव, तिसरा मजला, सरमळकर.
बाईंनी फिनेलने फरशी इतकी पुसलेली
की माझेच डोळे झोंबले.
कपाटामागे राहिलेलं दाखवलं तर म्हणाल्या,
ती कलौंजी सांडलीय हो, परवा.
मी काडीने एक दाबलं.
मऊ. चकचकीत. काल रात्रीचं.
कलौंजी दबत नाही, बाई.
हे मनात म्हणालो.

ओट्याखाली चार.
मोरीच्या दाराशी सात.
मग भिंतीच्या कडेकडेने, रांगेत.
उंदीर खोलीच्या मधून चालत नाही,
मिशीला भिंतीचा आधार लागतो त्याला.
आतल्या खोलीत मी मोजणं सोडलं.
जिथे जास्त, तिथे त्याचं ताट.

कॉटवर बाईंचे सासरे, आप्पा. त्यांनी पाय वर घेतले,
शाळेत झाडूवाला आला की पोरं घेतात तसे.
खाली पत्र्याची ट्रंक, झाकण एका अंगाने वाकलेलं.
आत पुड्या. पेपरात गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या.
अर्धी चपाती. खारीचं टोक. बटर.
एक अख्खा लाडू, हिरवा पडलेला.
प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने तारीख.
सगळ्यात जुनी फेब्रुवारीची.

मी वर पाहिलं.
आप्पा म्हणाले, हिशेब बरोबर आहे. तपासा.

बाहेरून बाईंचा आवाज, सापडलं का काही?

पुड्या माझ्या पिशवीत गेल्या, सापळ्यांच्या खाली.
कालच्या आणि आजच्या राहू दिल्या.
माझा जेवणाचा डबा रिकामाच होता,
मोरीत विसळला, शर्टाला पुसला.
यात ठेवा, म्हटलं. झाकण दाबून लावा.
टक् असं वाजलं पाहिजे.
त्यांनी दोनदा वाजवून पाहिलं.

फॉर्म भरला.
प्रकार: काळा उंदीर. संख्या: अंदाजे तीन.
विष्ठा: ताजी.
'कारण व शेरा' या रकान्यात लिहिलं,
मोरीच्या पाइपाभोवती फट.
फट होतीच, थोडी.
सिमेंटात काचा घालून बुजवा, म्हटलं.
बाई म्हणाल्या, मी म्हणतच होते, बिल्डिंगचीच चूक.

घरी बायकोने विचारलं, डबा?
राहिला वॉर्डात, म्हटलं. ते खरंच होतं.

आठ दिवसांनी परत गेलो.
भिंतीकडेच्या करड्या पडलेल्या, कोरड्या,
काडी लागताच भुगा.
एकही मऊ नाही.
बाई फोनवर होत्या.
मी वाकून कॉटखालचा डबा उचलून पाहिला.

जड होता.