इतर हक्क

हैबती कारंडे, माझे पणजोबा, एक कान तोफेला देऊन
हैफ्याहून अपशिंग्याला परतले.
सोबत जैतुनाच्या नऊ बिया.
रुजल्या नाहीत. पत्र्याच्या पेटीत अजून वाजतात.

मी मोजणी खात्यातला. साखळी ओढण्यात हयात गेली.
बांध रात्री चालतो, मला ठाऊक आहे,
वर्षाला वीतभर, फाळाच्या टोकानं.

तिकडे एका म्हाताऱ्यानं त्यांना
तुर्की शिक्क्याचा कागद दाखवला,
आज्याच्या आज्यानं लावलेली झाडं मोजून दाखवली.
दुसऱ्यानं पोथी उघडली:
दोन हजार वर्षं आम्ही ह्याच मातीकडे तोंड करून प्रार्थना केली.
दोघांचीही बोटं उजवीकडून डावीकडे सरकत होती,
एवढंच पणजोबांच्या ध्यानात राहिलं.
त्यांनी दोघांनाही मान डोलावली.
अंगावर गणवेश तिसऱ्याचा;
त्यानं कुणाकुणाला शब्द दिलेत,
शिपायाला कोण सांगतो?

काल बातम्यांत धूर होता.
जुन्या खोडीनं मी कोरा सातबारा पुढ्यात घेतला.
कब्जेदार सदरी... पेन अडलं.
इतर हक्कांचा रकाना भरून
कागदाच्या पाठीवर गेला.

खाली पीकपाहणीत लिहिलं, जैतून.
स्थळपाहणी बाकी.