गवंड्यानं ठेवलेलं भोक

नकाशावर कादिस लिहितात.
आम्ही म्हणतो काइ.
शेवटची अक्षरं लेवांते खाऊन टाकतो,
पूर्वेकडून सुटणारा तो वारा,
ज्याच्या नावावर आमच्याकडे डोकेदुखी, भाऊबंदकी
आणि एकदा तर एक मोडलेलं लग्नसुद्धा खपवलं गेलं.

बाप माझा गवंडी. सेर्वांदो.
राहायचा ला विन्यात, म्हणजे द्राक्षमळ्यात,
जिथं द्राक्षाचा वेल औषधालाही नाही.
भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा,
डॉक्टर पाठीवर करतो तसा,
आणि सांगायचा:
ही ओली आहे.
ही खोटं बोलते.
ही दमलीय, हिला आज हात नको.

आमचा दगड डोंगरातला नव्हे, दर्यातला.
कालवं, शिंपले, वाळू
चेंगरून, बिलगून शेवटी एकजीव झालेली.
जीभ लावली तर खारट.
मी लावली होती, सहा वर्षांची असताना.
बाप रागावला नाही. म्हणाला,
"कुठल्या सालचं मीठ?"

तीन हजार वर्षांचं गाव, म्हणतात.
बापाला तीन हजार मोजता यायचे नाहीत.
तो थर मोजायचा.
वर सिमेंट, कालचं पोर.
खाली चुना. खाली अजून चुना, निळसर.
त्याखाली कुणाची तरी चूल,
कुणाचं माशाच्या खाऱ्या रसाचं रांजण,
आणि त्याच्याही खाली
जांभळा रंग विकायला आलेले लोक,
ज्यांनी या खडकाला पहिल्यांदा भिंत म्हटलं.
"सगळेच माल उतरवायला आले," तो म्हणायचा,
"आणि वारा पडायची वाट बघत राहिले.
आपण त्यांची पोरं."

त्या वर्षी कार्निव्हल नव्हता.
म्हणजे होता, पण मे महिन्यात,
सरकारी शिक्क्याचा, दात काढलेला.
मुखवट्याला बंदी.
बाप आणि त्याचे सोबती
दारूच्या दुकानामागं पिंपांच्या खोलीत
टेबलावर पेरांनी ठेका धरायचे
आणि ओठ न हलवता म्हणायचे
महापौराच्या मिशीवरची कवनं.
तीच पेरं. दिवसा भिंत, रात्री टेबल.

त्याच वर्षी सेन्योर प्राक्सेदेसनं बोलावलं,
मनोऱ्याचा गिलावा पडतोय म्हणून.
असे शंभरावर मनोरे आहेत आमच्याकडे,
व्यापाऱ्यांनी घरावर घातलेल्या माना,
कुणाचं जहाज आधी दिसतं ते बघायला.
बापानं ठोकलं. पोकळ.
विटा काढल्या तर आत खिडकी,
आणि खिडकीच्या कडेला चुन्यात कोरलेला हिशोब:
उभी रेघ, आलेलं जहाज.
आडवी रेघ, न आलेलं.
आणि वर्तुळं. पोकळ. ओळीनं.
"पिंपं असतील," मालक म्हणाला.
बाप बराच वेळ वाकून बघत होता.
"पिंपांना," तो म्हणाला,
"कुणी पाय काढत नाही."

खरंच, प्रत्येक वर्तुळाखाली दोन बारीक रेघा होत्या.

मालकानं पैसे वाढवले. बुजव म्हणाला.
बापानं बुजवली. घरात आम्ही पाच खाणारे.
पण जिथं वर्तुळं होती, तिथं
दुरोच्या नाण्याएवढं भोक ठेवलं,
आरपार, किंचित तिरकं,
खालून कुणाला दिसणार नाही असं.

तेव्हापासून लेवांते सुटला की मनोरा वाजतो.
शिट्टी नाही, रडणंही नाही.
कोणी तरी नाव सांगायला तोंड उघडावं
आणि पुढचं अक्षर वाऱ्यानं न्यावं, तसं काहीसं.

बाप गेला. मालकही गेला.
आता तिथं पर्यटकांसाठी खोल्या आहेत,
भिंतीवर टुना माशांची चित्रं.
मागच्या फेब्रुवारीत फोन आला,
पाहुण्यांना झोप लागत नाही, काही तरी घुमतं,
तुमचंच घराणं ना गवंड्यांचं?
खाली गल्लीत तोंडं रंगवलेली टोळकी
नव्या महापौराची खुशाल, मोठ्यानं साल काढत होती.
मी थापी, बादली घेऊन वर चढले.
पेरानं ठोकलं. कान लावला.
चुना कालवला.

भोकाची कड जरा घासली,
आतून एक पातळ हात फिरवला,
आणि सूर अर्ध्या पट्टीनं वर नेला.

बिलावर लिहिलं: दुरुस्ती.