पुरुमेंताचं लाकूड

किंदळ पडला तो गेल्या आषाढात,
रात्री अडीचच्या सुमाराला,
गोठ्याकडे न झुकता शहाण्यासारखा ओहोळाच्या बाजूला.
सकाळी गेले तर मुळांच्या खड्ड्यात पाणी,
पाण्यात बेडूक,
जागेचा उतारा त्यांच्याच नावावर असावा तसे.

वनखात्याचा माणूस सांग्याहून आला,
कागदावर ‘पडलेलं’ असं लिहून
चहा न घेता गेला.

देवगो वेळीप म्हणाला, आत्ता नको.
ओल्या लाकडाशी भांडू नये,
ते सगळं ऐकून घेतं आणि फुटत नाही.

मग चवथ गेली.
दिवाळीचे पोहे झाले, सुपाऱ्या उतरल्या,
अंगणभर सालं पसरून पाय ठेवायला जागा उरली नाही.
किंदळावर आळंबी उगवली, वाळली.
शेकरू त्याच्यावरून जायला शिकलं.
पौषात एका सकाळी
देवगो आला, खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला कोयती,
पिशवीत लोखंडाच्या दोन पाचरी
आणि बायकोनं दिलेलं आंब्याचं लोणचं.

मुलगा वेर्ण्याहून फोन करतो:
आई, सिलिंडर आहे ना?
आहे रे. चहा त्याच्यावरच.
पण भात उकडायचं मोठं भांडं त्याच्यावर बसत नाही,
आणि न्हाणीतलं भाण
त्या निळ्या ज्योतीला हसतं.
तो म्हणतो, बरं. म्हणजे पटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कुऱ्हाड खणकन वाजली.
लाकडातून असा आवाज येत नाही.
देवगोनं पात्याला बोट लावलं,
चण्याएवढा तुकडा उडालेला.
शिवी दिली नाही, माझ्यामुळे.
कोयतीनं टोकरलं तेव्हा आत दिसली
तार.

कपडे वाळत घालायला ह्यांनी बांधलेली,
लग्नानंतरच्या पहिल्या मिरगाआधी,
इथून पोफळीपर्यंत.
पोफळ कधीच मेली.
तारेचं काय झालं ते मी विचारलं नव्हतं,
दोरी आली, मग नायलॉनची दोरी,
मग धुवायला तेवढे कपडेच राहिले नाहीत.

झाडानं मात्र ती गिळली होती.
वर साल आलेली, व्रण नाही, काही नाही.
तारेच्या बाहेरची वलयं मोजली बोटानं,
एकतीस. पुन्हा मोजली, एकोणतीस.
ह्यांना विचारता आलं असतं तर
त्यांनी तिसराच आकडा सांगितला असता, ठामपणे.

देवगो म्हणाला, हा ओंडका सोड,
भट्टीवाल्याला दे, काजूच्या दिवसांत
त्याला काहीही चालतं.
मी म्हटलं, नको. उभा कर.

आता तो मांगराशेजारी उभा आहे, कमरेइतका,
आणि बाकीचा सगळा किंदळ
त्याच्याच डोक्यावर ठेवून फोडला.
त्याला काही वाटत नसावं.
तार बाजूनं इंचभर बाहेर आलीय,
मी तिला लाकडं बांधायची सुतळी अडकवते.

शिगमो झाला. भिरंडं पिकली,
सोलं उन्हात, आठळ्या राखेत, सुकी मासळी डब्यात.
रास झापांखाली लावली, साल वर, तोंड पूर्वेला,
पावसाची झोड पश्चिमेकडून येते म्हणून.
देवगोचे पैसे दिले. पात्याचे वेगळे देऊ केले,
त्यानं घेतले नाहीत,
लोणच्याची बरणी मात्र भरून नेली.

श्रावणापर्यंत पुरेल.
भाद्रपदाचं बघू.
ओहोळापलीकडचा माडत जरा कललाय,
पण त्याला मी अजून
काही विचारलेलं नाही.