ट्रंक कॉल, ऑर्डिनरी

ग्वाल्हेरच्या ट्रंक बोर्डावर मी एकतीस वर्षं बसले.
कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी,
दिवा लागला की कॉर्ड खोचायची, म्हणायचं : बोला.
भुसावळ लागायला सहा तास लागत.
म्हणून वरच्या खोलीतला देवेंद्र कुशवाह
जेव्हा सांगतो, चाची, शनीला हाक पोचायला सव्वा तास,
उत्तर यायला आणखी सव्वा,
नेपच्यूनला जाऊन-येऊन आठ,
तेव्हा मला हसू येतं.
आठ तासांत कुणी बुकिंग रद्द करत नसे, बाळा.
माणसं बाकावर डबा खायची, डुलकी काढायची,
नाव पुकारलं की धडपडत उठायची.

त्याची दुर्बीण गच्चीवर, टाकीशेजारी,
एका पायाखाली विटेचा तुकडा.
आधी शनी दाखवला.
ऐंतीच्या डोंगरावर अमावास्येला
ज्याच्यापाशी लोक चपला सोडून पळतात
तो हा, एवढासा,
वायसरमध्ये अडकलेला मणी.
ह्याच्यासाठी मी साडेसात वर्षं तेल घातलं?
त्याच्या एका चंद्रातून पाण्याची कारंजी उडतात म्हणे.
वर बर्फ, खाली समुद्र.
समुद्रात कोण, ते अजून कळलेलं नाही.

तिथे कुणी शहाणं असेल तर आपण आकडे पाठवू,
देवेंद्र म्हणाला. आकडे सगळ्यांना कळतात.
मी म्हटलं, किल्ला चढताना चतुर्भुजाच्या देवळात
भिंतीवर आकडे आहेत, बघ कधीतरी :
बाग दोनशे सत्तर हात लांब,
देवाला रोज पन्नास माळा.
लोक त्यातलं शून्य बघायला येतात.
मी माळा मोजते.
पन्नास म्हणजे पहाटे किती जणी वाकल्या असतील,
किती बोटांना चीक लागला असेल.
खोदणाऱ्याला माझा नंबर माहीत नव्हता.
अकराशे वर्षांनी, तरी लागला.

पण शांततेचे प्रकार असतात, हे त्याला कसं सांगू?
मेलेल्या लाइनची शांतता कापसासारखी.
तार भिजली की कढईत काहीतरी तळल्यासारखी.
आणि एक तिसरी.

दर महिन्याच्या सात तारखेला जिन्सीतली एक बाई
इटारसीचा नंबर मागायची. ऑर्डिनरी, तीन मिनिटं.
कॉल लागला की इकडून कुणी बोलायचं नाही.
तिकडूनही नाही.
ऐकणं नियमात बसत नव्हतं. मी ऐकलं.
तिकडे एकदा भांडं पडलं.
इकडे बांगडी हलली.
तीन मिनिटं झाली की रिसीव्हर हळूच ठेवला जाई,
झोपलेल्याच्या उशाशी काही ठेवावं तसा.
एका सात तारखेला तो ठेवला गेलाच नाही
आणि मला कॉर्ड काढवली नाही.
अकरा मिनिटं. बिलात तीनच लिहिली.
माथुरसाहेबांनी विचारलं, लाइन डेड होती का?
मी म्हटलं, नाही साहेब. चालू होती.

हे आकड्यांत कसं घालणार?

आता गुरू वर आलाय.
चार चंद्र एका रेषेत, बोर्डावरच्या दिव्यांसारखे.
देवेंद्र खाली चहा ठेवायला गेला आहे.
बाड्याकडून एखादा हॉर्न, कुणाचा तरी कुकर,
मग तेही नाही.
डोळा काचेला, पण मी बघत नाही, ऐकतेय.
जुनी खोड. आधी ओळखायचं,
ही त्यातली कुठली.

पुन्हा नीट पाहते तर तीनच.
वर येऊन देवेंद्र सांगेल, चौथा सावलीत गेला,
किती वाजता परत येईल तेही सांगेल.
सांगू दे.
आमच्या बोर्डावर पलीकडे कुणी रिसीव्हर उचलला
की दिवा विझायचा.