करडा चौकोन

हेसल रोडच्या लायब्ररीत मंगळवारी चार ते सहा
मी तीन नंबरच्या काउंटरला.
नोव्हेंबर, म्हणून चारलाच काळोख.
दार उघडलं की हंबर नदीवरचा वारा
सदस्यत्वाचे फॉर्म उडवतो.

डेस्मंड ऑक्स्टबी टोपी मांडीवर घेऊन बसलेत.
वय एक्क्याऐंशी. उजव्या हाताचं एक बोट अर्धंच,
आणि माउस नेमका त्याच बोटाने दाबायचा हट्ट.
त्यांना बघायची आहे बोट.
(मराठीत दोन्ही बोटच,
पण हल शहरात हे सांगायचं कुणाला?)

संग्रहालयाच्या पानावर बावन्न सेकंदांची फिल्म:
एकसष्ट साल, 'केप ऑर्विन' गोदीतून निघते आहे.
इथे मात्र निघाला नुसता करडा चौकोन,
मधोमध कोड्याचा एक तुकडा
आणि खाली ओळ: प्लगिन सापडत नाही.
"हरवलं का?"
हरवलं नाही, म्हटलं, कधी आलंच नव्हतं.

प्लगिन म्हणजे काय, हे इंग्रजीत सांगताना
मी दुभाष्याचा दाखला देते.
मनात मात्र म्हणते, विरजण.
दूध आपलं, भांडं आपलं,
चमचाभर तेवढं शेजारून आणायचं
आणि लावलं की ढवळायचं नाही.
ऑक्स्टबी ढवळतात.
बावीस टक्क्यांवर 'रद्द करा', एकतीसवर पुन्हा.

मग पासवर्ड. तो ग्रॅहम थ्वेटकडे,
आणि ग्रॅहम रजेवर, शिडीवर, गटार साफ करत.
फोनवर त्याने कुत्र्याचं नाव सांगितलं, पुढे चार-शून्य-सात.
अक्षर अक्षर मोठ्याने म्हणत मी ते टाइप केलं.

नव्व्याण्णव टक्क्यांवर पट्टी थांबली.
थांबली ती थांबलीच.
कळलं की ब्राउझरच जुना,
म्हणजे मी पाया सोडून कळस चढवत होते.
तो काढला, नवा घातला. कॅशे रिकामी केली.
खुंटी हलवून बळकट करतात तसं
दोनदा बंद, दोनदा चालू.
मध्येच एक टूलबार न बोलावता वर येऊन बसला,
पंगतीत नवऱ्या मुलाच्या मित्राचा मित्र बसावा तसा.

सव्वापाचला आवाज आला. नुसता आवाज.
चौकोन काळा आणि त्यात सीगल,
साखळी, कुणाची तरी शिट्टी.
मी हार्डवेअरच्या सेटिंगमध्ये बोटं घालत होते.
"विंच कोरडी चालली आहे," ते म्हणाले, "तेल हवं."

एक खूण काढली आणि चित्र आलं,
अडखळत, हिरवट पट्ट्यांसकट.
मी अंग मागे टाकलं, शाबासकीच्या बेताने.

"ही ती नव्हे."

धुराड्याला एक कडं आहे. ऑर्विनला दोन होती.
ही 'केप ऑर्लिन'. संग्रहालयवाल्यांनी एक अक्षर चुकवलं.
मी माफी मागू लागले, का ते ठाऊक नाही.
त्यांना मात्र बरंच वाटलेलं दिसलं.
पुन्हा लावा, म्हणाले. मग पुन्हा.
सातव्या खेपेला सांगितलं:
"ऑर्लिन आमच्या आधी एक दिवस निघाली.
म्हणजे मी आहे इथे. तंबाखू घेतोय."
आणि ते अर्धं बोट
पडद्यावर नाही, पडद्याच्या डावीकडे,
प्लास्टिकच्या काळ्या कडेवर टेकवलं,
जरा वर, मग जरा खाली,
जागा नेमकी आठवत असल्यासारखं.

त्या कडेपुढे काय इन्स्टॉल करतात
ते मला येत नाही.

सहाला दिवे अर्धे केले.
त्यांना सांगावं लागलं की रात्री ही सगळी यंत्रं
आपोआप पुसली जातात, नियमच आहे तसा.
सकाळी ब्राउझर पुन्हा जुना
आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा करडा चौकोन.
"असू दे," म्हणाले.
टोपी उलटी करून माझं पेन मागितलं
आणि आतल्या पट्टीवर सावकाश लिहून घेतलं
ग्रॅहमच्या कुत्र्याचं नाव,
पुढे चार, शून्य, सात.